साखर उतरली, पण फोन वाजलाच नाही : सीजीएमच्या अलार्मविषयी वाचकांचे प्रश्न

दंडाला चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर, म्हणजे सीजीएम किंवा बोलीतला 'पॅच', अनेक घरांत दिवसाच्या आलेखापेक्षा रात्रीच्या अलार्मसाठी घेतला जातो. झोपेत साखर खाली गेली तर कुणीतरी उठवायला हवे, एवढीच अपेक्षा असते. या वेळी निवडलेली पत्रे त्याच अपेक्षेबद्दलची आहेत. उत्तरांत प्रामुख्याने फोन, ॲप आणि सेन्सर यांविषयी सांगितले आहे. इन्सुलिनचा किंवा गोळ्यांचा डोस बदलायचा असेल तर तो तुमच्या डॉक्टरांना विचारूनच बदला. साखरेचे सर्व आकडे मिग्रॅ/डीएलमध्ये आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. टाइप १ मधुमेह असल्याने दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतो. दंडाला लिब्रे २ हा सेन्सर आहे आणि त्याचे ॲप माझ्या अँड्रॉइड फोनवर आहे. परवा पहाटे तीनच्या सुमारास त्याची साखर ५८ पर्यंत गेल्याचे सकाळी आलेखात दिसले, पण फोन वाजला नाही. सेन्सर खराब आहे का?
(एक आई, सांगली)

उत्तर : सेन्सर बहुधा ठीक आहे. तो बंद पडला असता तर ५८ चा आकडा तुम्हाला दिसलाच नसता. मात्र आलेखात आकडा आहे म्हणजे तो त्याच वेळी फोनपर्यंत पोहोचला होता, असे समजू नका. लिब्रे २ चा सेन्सर मागच्या आठ तासांची नोंद स्वतःजवळ ठेवतो. रात्री संपर्क तुटला असेल आणि सकाळी तुम्ही फोन दंडाजवळ नेऊन स्कॅन केले असेल, तर मधली रेघ मागाहून भरली जाते. ती दिसते अखंड, पण अलार्मची वेळ केव्हाच निघून गेलेली असते.

म्हणून आधी हे ठरवा : त्या रात्री संपर्क तुटला होता, की संपर्क असूनही फोन गप्प राहिला?

संपर्क तुटण्याचे कारण बहुतेक वेळा अंतर असते. लिब्रे २ चे ब्लूटूथ मोकळ्या जागेत साधारण ६ मीटरपर्यंत पोहोचते. मध्ये भिंत, लोखंडी कपाट किंवा माणसाचे शरीर आले की हे अंतर घटते, कारण ब्लूटूथच्या लहरी शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात. पॅच डाव्या दंडावर, मुलगा डाव्या कुशीवर आणि फोन शेजारच्या खोलीत उशीखाली असेल, तर लहरींना मुलाचे शरीर, गादी आणि भिंत हे सगळे ओलांडावे लागते. मुलाच्या ॲपचा फोन त्याच्याच खोलीत, पलंगापासून दोन-तीन मीटरवर, मोकळ्या टेबलावर आणि चार्जरला लावून ठेवा. 'सिग्नल लॉस' नावाचा अलार्म चालू ठेवा. वीस मिनिटे सेन्सरकडून काही आले नाही तर तो वाजतो. कटकट होते म्हणून अनेक जण नेमका हाच बंद करतात. आमच्या मते लो अलार्मनंतर सर्वांत महत्त्वाचा अलार्म हाच, कारण संपर्क तुटलेला असताना लो अलार्म वाजूच शकत नाही.

संपर्क असूनही फोन गप्प राहिला असेल तर कारण फोनच्या सेटिंग्जमध्ये शोधावे लागेल. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड फोन मागे चालू असलेली ॲप्स झोपवतो. दिवसा तुम्ही फोन वारंवार उघडता, त्यामुळे ॲप जागे राहते. रात्री फोन चार-पाच तास हललाही नाही की ॲप झोपते. दिवसा अलार्म नीट वाजतो आणि रात्री नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

आता पुढील क्रमाने जा. 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स', त्यात तुमचे सीजीएम ॲप, त्यात 'बॅटरी' उघडा आणि 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. त्याच पानावर खाली 'पॉज ॲप ॲक्टिव्हिटी इफ अनयूज्ड' अशा अर्थाचे बटण असते, ते बंद करा. मग 'परमिशन्स'मध्ये 'निअरबाय डिव्हायसेस' आणि 'नोटिफिकेशन्स' यांना परवानगी दिली आहे ना, ते पाहा. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीचा फोन असेल तर ब्लूटूथसाठी लोकेशनही चालू लागते.

त्यापुढे प्रत्येक कंपनीच्या फोनची आपली एक जादा कडी असते. सॅमसंगमध्ये 'बॅटरी'खाली 'बॅकग्राउंड युसेज लिमिट्स' आहे, तिथल्या 'नेव्हर ऑटो स्लीपिंग ॲप्स'च्या यादीत सीजीएम ॲप घाला. शाओमी, रेडमी, पोकोमध्ये 'ऑटोस्टार्ट' चालू करा आणि बॅटरी सेव्हरमध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. ओप्पो, रिअलमीमध्ये 'ऑटो लाँच' आणि 'बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी' या दोन्हींना परवानगी द्या. विवोमध्ये बॅटरीच्या पानावर बॅकग्राउंड पॉवर वापराची यादी असते, तिथे ॲपला मोकळीक द्या. फोनच्या आवृत्तीनुसार ही नावे थोडी इकडेतिकडे होतात. सापडले नाही तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'बॅटरी' किंवा 'ऑटो' लिहा.

आणखी एक सवय सोडावी लागेल. चालू ॲप्सची यादी उघडून 'क्लिअर ऑल' दाबले की अनेक फोनांत सीजीएम ॲपही पूर्ण बंद पडते आणि पुन्हा उघडेपर्यंत अलार्म येत नाही. त्या यादीत ॲपच्या चौकटीवर बोट दाबून धरले की बऱ्याच फोनांत कुलपाचे चिन्ह येते. ते लावा, म्हणजे 'क्लिअर ऑल'मधून हे ॲप सुटते.

शेवटी आवाज. ॲपच्या मेनूतील 'अलार्म्स'मध्ये लो अलार्म चालू आहे का, आकडा किती आहे आणि 'डू नॉट डिस्टर्ब' ओलांडण्याची परवानगी दिली आहे का, ते बघा. फोनच्या बाजूचे बटण दाबल्यावर आवाजाच्या एकाहून जास्त पट्ट्या दिसतात : रिंग, नोटिफिकेशन, मीडिया, अलार्म. रात्री सगळ्याच वर ठेवा, कारण कोणते ॲप कोणती पट्टी वापरते ते सारखे नसते.

हे सगळे झाले की चाचणी घ्या. चाचणीशिवाय ही सेटिंग्ज पूर्ण झाली असे धरू नका. त्यासाठी साखर उतरण्याची वाट बघायची नाही आणि मुलाला उपाशी तर मुळीच ठेवायचे नाही. जेवणानंतर साखर १५० च्या आसपास असताना हाय अलार्मचा आकडा १२० वर आणा. लिब्रे २ मध्ये तो याहून खाली जात नाही. फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका, कुलूपबंद करा आणि रात्री ठेवता त्याच जागी ठेवून द्या. काही मिनिटांत तो वाजायला हवा. वाजला की आकडा पूर्वीच्या जागी न्या. आधीचा आकडा कागदावर लिहून ठेवलेला बरा. मग हीच चाचणी एकदा रात्री उशिरा, फोन दोन-तीन तास न हलवता घ्या. फोन ॲपला झोपवतो की नाही ते या दुसऱ्या चाचणीत कळते.

प्रश्न : माझ्याकडे आयफोन आहे. ऑफिसमध्ये फोन सायलेंटवर आणि फोकस मोडमध्ये असतो. पूर्वी अलार्म यायचा. मागच्या महिन्यापासून कधी येतो, कधी नाही.
(वाचक, पुणे)

उत्तर : 'मागच्या महिन्यापासून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्या सुमारास आयओएस अपडेट झाले होते का, नवे ब्लूटूथ इअरफोन घेतले होते का, नवा फोकस मोड तयार केला होता का, हे आठवून पाहा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी २०२५ मध्ये मधुमेहाची उपकरणे फोनला जोडणाऱ्यांसाठी नेमकी हीच सूचना काढली होती. फोनची प्रणाली अपडेट झाल्यावर, नवे इअरफोन किंवा कारचे ऑडिओ जोडल्यावर, फोकसची सेटिंग्ज बदलल्यावर किंवा ॲप झोपी गेल्यावर लोकांचे अलार्म चुकत होते. महिन्यातून किमान एकदा अलार्मची सेटिंग्ज तपासा आणि प्रणालीचे आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा, असा सल्ला त्यात आहे. आधी सीजीएम कंपनीच्या यादीत नवी आयओएस आवृत्ती चालते असे नोंदलेले पाहावे, मग अपडेट करावे.

'सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स', मग तुमचे ॲप असे जा. 'क्रिटिकल अलर्ट्स' चालू हवे. सायलेंट आणि फोकस दोन्ही असतानाही आवाज येतो तो या परवानगीमुळे. 'साउंड्स' आणि 'लॉक स्क्रीन' चालू हवे. 'शेड्यूल्ड समरी'त हे ॲप अडकले असेल तर बाहेर काढा, नाहीतर साध्या सूचना संध्याकाळी एकगठ्ठा येतील. ॲप वर सरकवून बंद करू नका. इअरफोन कानातून काढून टेबलावर ठेवलेले असले तरी फोनला जोडलेले राहू शकतात. तसे असेल तर आवाज तिकडे जाऊ शकतो आणि टेबलावरचा फोन गप्प दिसतो. काम संपले की ते डबीत ठेवा.

प्रश्न : आजोबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. रात्री बेसल (हळूहळू, बराच वेळ काम करणारे) इन्सुलिन आणि सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. ॲपमध्ये लो ७० आणि हाय २४० आधीपासून लिहिलेले आहे. ते तसेच ठेवावे का? हाय अलार्म इतका वाजतो की त्यांनी सगळेच बंद करून टाकले आहे.
(नात, नाशिक)

उत्तर : सगळेच बंद करण्यापेक्षा हाय अलार्म एकटा बंद असलेला परवडेल. आजोबांना खरा धोका खालच्या बाजूचा आहे. इन्सुलिनने साखर उतरू शकते हे सगळ्यांना माहीत असते, पण ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळ्या शरीराला साखर कितीही असली तरी इन्सुलिन सोडायला लावतात. जेवण चुकले किंवा मूत्रपिंड मंद असेल तर त्यांनी उतरलेली साखर बराच काळ पुन:पुन्हा खाली जात राहते. ते रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असतील तर हाताचा थरकाप आणि छातीतली धडधड ही धोक्याची लक्षणे झाकली जातात. घाम मात्र येतो. अशा माणसाला अलार्मची गरज तरुणापेक्षा जास्त असते.

७० हा आकडा वैद्यकीय व्याख्येचा आहे. ७० च्या खाली म्हणजे साखर कमी आणि ५४ च्या खाली म्हणजे गंभीर, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये मांडले. अलार्मचा आकडा मात्र व्याख्येवरून ठरवू नये, हातात किती वेळ हवा त्यावरून ठरवावा. पॅच रक्तातली साखर मोजत नाही. कातडीखालच्या पेशींमधील द्रवातली साखर मोजतो आणि ती रक्ताच्या पाच ते दहा मिनिटे मागे असते. साखर भराभर उतरत असेल तर ॲपवर ७० दिसते तेव्हा रक्तात ६० असू शकते. त्यात म्हाताऱ्या माणसाला जाग यायला, दिवा लावायला, साखर शोधायला वेळ लागतो. म्हणून एकट्याने झोपणाऱ्या ज्येष्ठांसाठी लो अलार्म ८० वर ठेवावा, असे आम्ही सुचवू. लिब्रे २ मध्ये तो ६० ते १०० पर्यंत बदलता येतो. ८० वर रोज रात्री उगाच वाजत असेल तर ७५ करा. तरीही रोज वाजत असेल तर आकडा आणखी खाली आणू नका, डॉक्टरांना आलेख दाखवा. तेव्हा बदलायला हवा तो डोस.

हाय अलार्मचे गणित वेगळे आहे. २४० ला तातडीने करण्यासारखे आजोबांसाठी सहसा काही नसते. सुरुवातीला तो ३०० वर न्या किंवा बंद ठेवा. महिनाभराने डॉक्टरांशी बोलून हळूहळू खाली आणा. साधारण प्रौढांसाठी ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक वेळ असावा असे उद्दिष्ट असते. वयस्कर किंवा साखर उतरण्याचा धोका असलेल्यांसाठी ते ५० टक्क्यांवर आणले आहे, आणि ७० च्या खालचा वेळ मात्र एक टक्क्याच्या आत हवा, असे म्हटले आहे. यावरून वयस्कर माणसात कशाची चिंता जास्त करायची ते दिसते.

आजोबांच्या उशाशी एका छोट्या डबीत ग्लुकोज पावडर आणि चमचा ठेवा. चहाचे तीन चमचे म्हणजे साधारण १५ ग्रॅम. अर्ध्या पेल्यात ढवळून पाजायचे, पंधरा मिनिटे थांबायचे आणि बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर पाहायचे. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढेच. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. मुलांना वजनाप्रमाणे कमी लागते, किलोमागे ०.३ ग्रॅमच्या हिशेबाने ३० किलोच्या मुलाला ९ ते १० ग्रॅम. माणूस गिळू शकत नसेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. कुशीवर वळवा, डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन (साखर वर आणणारे औषध) देऊन ठेवले असेल तर ते द्या आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न : साखर उतरल्यावर पत्नीला सरबत देतो, पण पुढची वीस मिनिटे ॲप लो दाखवतच राहते. मग भीतीने आणखी देतो आणि तासाभराने साखर ३०० च्या घरात जाते.
(वाचक, पणजी)

उत्तर : हा त्याच पाच-दहा मिनिटांच्या मागेपणाचा परिणाम आहे. रक्तातली साखर वर आलेली असते, पेशींमधल्या द्रवात ती पोहोचायची असते. लो झाल्यानंतरचा निर्णय ॲपवर घेऊ नका, पंधराव्या मिनिटाला बोटाची तपासणी करून घ्या. स्ट्रिप नसतीलच तर निदान आकड्याशेजारचा बाण पाहा. खाली वाकलेला बाण आडवा झाला की उपाय लागू पडायला लागला. एका वेळी द्यायचे प्रमाण मात्र मोजूनच द्या. सरबत अंदाजाने दिले की हमखास जास्त होते.

प्रश्न : मी लंडनमध्ये आहे. आईवडील साताऱ्याजवळच्या गावात राहतात. वडिलांच्या सेन्सरचे आकडे लिब्रेलिंकअप या नातेवाइकांसाठीच्या ॲपवर मला दिसतात. पण अनेकदा रात्री काहीच येत नाही आणि सकाळी सगळे एकदम येते. शिवाय माझे सहकारी ज्या आकड्यांत बोलतात ते वेगळेच असतात.

उत्तर : वडिलांचा अलार्म आणि तुमचा अलार्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेन्सरपासून वडिलांच्या फोनपर्यंत माहिती ब्लूटूथने जाते. तिथे इंटरनेट लागत नाही. रेंज नसली तरी त्यांचा फोन वाजतो. तुमच्यापर्यंत येण्यासाठी मात्र त्यांच्या फोनला इंटरनेट हवे, ॲप जागे हवे, आणि तुमच्या फोनवरही इंटरनेट आणि सूचनांची परवानगी हवी. यातले एक तुटले तरी तुम्हाला काही कळत नाही, आणि काही आले नाही म्हणजे सगळे ठीक आहे असे वाटून जाते.

गावाकडे रात्री वीज गेली की राउटर बंद पडतो. फोनचा मोबाइल डेटा बंद असेल तर माहिती तिथेच अडते आणि सकाळी एकदम येते. तुमच्या वर्णनाला हे कारण नेमके बसते. वडिलांच्या फोनचा मोबाइल डेटा कायम चालू ठेवायला सांगा आणि 'डेटा सेव्हर'मध्ये सीजीएम ॲपला सूट द्या. साखरेच्या आकड्यांना डेटा नगण्य लागतो, तो खर्च होण्याची भीती बाळगू नका. राउटरला छोटा यूपीएस लावता आला तर उत्तमच.

जोडणी करून देणारा नातेवाईक गावी येईल तेव्हा आईचा फोनही जोडून घ्या. वडिलांच्या ॲपच्या मेनूत 'कनेक्टेड ॲप्स'मध्ये लिब्रेलिंकअप आहे, तिथून आईच्या ईमेलवर निमंत्रण जाते. आईच्या फोनवर लिब्रेलिंकअप घालून त्याच ईमेलने खाते उघडायचे आणि निमंत्रण स्वीकारायचे. वीस जणांपर्यंत जोडता येते. वीस लागणार नाहीत, पण शंभर पावलांवर राहणारा एक जण त्यात असलाच पाहिजे. रात्री दोनला तुम्हाला अलार्म आला आणि आईवडील फोन उचलत नसतील, तर लंडनहून तुम्ही दार वाजवू शकत नाही. शेजारच्या काकांना आधीच विचारून ठेवा, चावी कुठे असते आणि ग्लुकोजची डबी कुठे असते ते त्यांना दाखवून ठेवा. कुणाला किती वेळाने फोन करायचा हेही ठरवून घ्या. आमच्या मते, आधी वडील, उत्तर नाही तर लगेच आई, पाच मिनिटांत दोघेही नाहीत तर शेजारी.

आकड्यांचे म्हणाल तर ब्रिटनमध्ये साखर मिलिमोल प्रतिलिटरमध्ये मोजतात. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा येतो. ३.९ म्हणजे ७०, ३.० म्हणजे ५४, १०.० म्हणजे १८०. घरच्यांशी फोनवर बोलताना एकच एकक वापरा. घाईत 'सात आहे' आणि 'सत्तर आहे' यांत गोंधळ व्हायला वेळ लागत नाही : मिलिमोलमधले सात म्हणजे आपले १२६.

प्रश्न : रोज पहाटे लो अलार्म वाजतो. बोटाला टोचून पाहावे तर ११० असते. सेन्सर परत करावा का?
(वाचक, नागपूर)

उत्तर : तुम्ही पॅचच्या बाजूच्या कुशीवर झोपता का, ते आधी पाहा. दंड दाबला गेला की तिथल्या ऊतीत रक्तपुरवठा घटतो आणि सेन्सरला साखर खोटीच कमी दिसते. आलेखात तो खड्डा ओळखू येतो : रेघ एकदम कोसळते, काही वेळ तळाशी राहते आणि कूस बदलल्यावर तशीच एकदम वर येते. खरी उतरलेली साखर सहसा अशी कड्यावरून पडल्यासारखी जात नाही. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडाला, मागच्या बाजूला, झोपताना दाबला जाणार नाही अशा जागी लावा. तोपर्यंत अलार्म वाजला की कूस बदला आणि बोट तपासा. लो अलार्म बंद करू नका, कारण खोट्या खड्ड्यांमध्ये एखादा खरा असू शकतो.

नवा सेन्सर लावल्याच्या पहिल्या दिवशीही आकडे भरकटतात. त्या रात्री निर्णय ग्लुकोमीटरवर घ्या. शक्य असेल तर सेन्सर सकाळी लावा, म्हणजे रात्रीपर्यंत तो थोडा स्थिरावलेला असेल. सलग दोन-तीन दिवस, दंड दाबलेला नसताना आणि साखर स्थिर असताना बोटाच्या आणि पॅचच्या आकड्यांत मोठा फरक पडत असेल, तर तारीख-वेळेसह दोन्ही आकडे लिहून कंपनीच्या मदतकेंद्राला कळवा.

प्रश्न : हाय अलार्म वाजला की मी लगेच दोन युनिट घेते. हे बरोबर आहे का?
(वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही, आणि हे आजच थांबवा. जलद इन्सुलिनचा परिणाम तीन ते पाच तास चालतो. सकाळी पोह्यांबरोबर घेतलेले इन्सुलिन अजून काम करत असतानाच, जेवणानंतरच्या नेहमीच्या चढावर अलार्म वाजतो. तुम्ही दोन युनिट घेता, अर्ध्या तासाने पुन्हा वाजतो, पुन्हा दोन घेता. मग दुपारी एकच्या सुमारास तिन्ही डोस एकत्र पडतात आणि साखर कोसळते. खाल्ल्यानंतर साखर साधारण एक ते दीड तासाने सर्वांत वर जाते, त्यामुळे तेव्हाचा अलार्म ही इन्सुलिन घेण्याची सूचना नव्हे. जादा डोस कधी, किती आणि आधीच्या डोसनंतर किती तासांनी घ्यायचा, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. तोपर्यंत हाय अलार्मचा आकडा वर न्या. डेक्सकॉम या दुसऱ्या कंपनीचा सेन्सर वापरणाऱ्या परदेशातल्या वाचकांना त्याच्या जी७ या मॉडेलमध्ये हाय अलार्म उशिरा वाजवण्याची सोय आहे, साखर ठरावीक वेळ वर राहिली तरच तो वाजतो. जेवणानंतरच्या चढासाठी ती वापरावी.

प्रश्न : शाळा फोन आणू देत नाही. परीक्षेत तर नाहीच नाही. मग अलार्मचे काय?
(पालक, ठाणे)

उत्तर : राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना टाइप १ मधुमेही मुलांबद्दल पत्र लिहिले. मुलांना साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधल्या वेळी खाऊ द्यावे आणि सीजीएम किंवा इन्सुलिन पंप अंगावर ठेवू द्यावा, असे त्यात आहे. आकडे पाहायला फोन लागत असेल तर तो परीक्षेत शिक्षकांकडे किंवा पर्यवेक्षकांकडे ठेवता येतो, हेही आहे. त्या पत्राची प्रत आणि डॉक्टरांचे पत्र जोडून मुख्याध्यापकांना अर्ज द्या, तोंडी बोलण्यावर सोडू नका. मंडळाच्या परीक्षेसाठी हे महिनाभर आधी करा.

फोन पर्यवेक्षकांच्या टेबलावर असेल तर बाकापासूनचे अंतर सहा मीटरच्या आत आहे ना, हे पाहून मुलाला पुढच्या बाकावर बसवायला सांगा. काही सेन्सरना फोनऐवजी वेगळा रीडर मिळतो. फोन नकोच म्हणणाऱ्या शाळेत त्याचा उपयोग होतो, फक्त एक बाब लक्षात ठेवा : लिब्रे २ मध्ये ज्या उपकरणाने सेन्सर सुरू केला, अलार्म त्याच उपकरणावर येतो. रीडरने सुरू करून पहिल्या तासात फोनने स्कॅन केल्यास आकडे दोन्हींकडे पाहता येतात, पण अलार्म रीडरच वाजवतो. आधी फोनने सुरू केला तर रीडर त्या सेन्सरला जोडता येत नाही. तेव्हा शाळेचा आठवडा आणि सुट्टी यांचा विचार सेन्सर लावायच्या दिवशीच करा. खेळाच्या तासाला फोन किंवा रीडर वर्गात राहिला तर संपर्क तुटणारच. त्या तासाला तो शिक्षकांच्या खिशात हवा.

थोडक्यात

*पहिल्या पिढीचा लिब्रे आहे, अलार्म कुठे दिसत नाही.* त्यात तो नव्हताच. स्कॅन केल्याशिवाय त्या सेन्सरचा आकडा फोनला कळत नाही. अलार्म हवा असेल तर पुढच्या वेळी ब्लूटूथ असलेला सेन्सर घ्या.

*विमानात काय करायचे?* एअरप्लेन मोड लावा आणि त्यानंतर ब्लूटूथ पुन्हा चालू करा. ते विसरले की पूर्ण प्रवासात अलार्म बंद.

*नवा फोन घेतला आहे.* चालू सेन्सर जुन्या फोनवरच संपू द्या आणि नवा सेन्सर नव्या फोनवर सुरू करा. तोपर्यंत जुना फोन चार्ज करून जवळ ठेवा. नव्या फोनवर बॅटरी, परवानग्या आणि आवाज हे सगळे पहिल्यापासून लावावे लागते. जुन्यावरची सेटिंग्ज आपोआप येतील असे गृहीत धरू नका.

*व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालतात का?* लिब्रे २ वर दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतल्यास आकडा खोटाच जास्त दिसू शकतो, म्हणजे खरी उतरलेली साखर झाकली जाते आणि लो अलार्म वाजत नाही. सर्दीसाठी चघळायची एक गोळी बहुतेक ५०० ची असते. दोन घेतल्या की मर्यादा ओलांडली. वेष्टनावरचा आकडा वाचा आणि गोळ्या चालू असेपर्यंत झोपण्यापूर्वी बोट तपासा.

*५५ चा अलार्म बंदच होत नाही.* डेक्सकॉम आणि लिब्रे ३ मध्ये तो कायमचा बंद करता येत नाही. तो तसाच असू द्या. तो वारंवार वाजत असेल तर दिवस आणि वेळ नोंदवून पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.